खोली क्रमांक चारमधली अकरा अंडी

खाटेखाली बांबूची टोपली होती. टोपलीत भाताचा पेंढा, पेंढ्यावर अकरा अंडी. सात तपकिरी, चार पांढरट. पेंढ्याच्या तळाशी कोळशाचा एक तुकडा आणि एक गंजलेला खिळा. शेजारी करवंटीत पाणी आणि वर्तमानपत्राच्या कागदावर मूठभर कणी. कोंबडी एक, काळपट लाल, डाव्या पायात निळी चिंधी. याखेरीज खोलीत खाट, गॅसची शेगडी, सहा भांडी आणि दोरीवरचे कपडे.

कोंबडीला भिकीने उचलून काखेत धरलं होतं आणि मी मोबाइलचा टॉर्च एकेका अंड्यामागे लावून बघत होते. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं, मधोमध एक काळा ठिपका, हलणारा. दोन अंडी आरपार पिवळी, म्हणजे रिकामी.

"ही दोन काढून टाक," मी म्हटलं. "त्यांच्यात काही नाही."

"राहू दे ताई. अकरा बसवली तर अकराच ठेवायची. मधनं काढत नाय."

"आणि हा खिळा?"

"खिळा, कोळसा ठेवतात. ढग गडगडले तर अंडी नासतात."

"जानेवारीत कुठले ढग?"

"ढग नाय. पण आता जमीन गडगडते ना," ती म्हणाली आणि हसली. कोंबडी पुन्हा टोपलीत बसली, पिसं फुलवून पसरली, अंडी दिसेनाशी झाली.

२०१९ सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. तलासरीकडच्या गावांत नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत होते. भिकीच्या पाड्यावर सगळे घराबाहेर प्लास्टिकच्या कापडाखाली झोपायचे. तिच्या घराची मागची भिंत कोपऱ्यापासून सुटली. उघड्यावर कोंबड्या राखणार कोण? सातांतल्या सहा मुंगसाने आणि कुत्र्यांनी नेल्या. उरलेली एक पिशवीत घालून ती डहाणूला आली. नवरा लाहू बोटीवर खलाशी. महिन्यातले वीस दिवस समुद्रात. भिकीला फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं आणि आमच्या चाळीत चार नंबरची खोली.

मी तीन नंबरमध्ये. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. सकाळी सहाला लॅब उघडावी लागते, माझ्या गावाहून, वाढवणहून, तेवढ्या लवकर पोचता येत नाही, म्हणून भाड्याने राहायचं.

चाळीचे मालक नविनकाका. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. स्वतःच्या घरामागे त्यांनी ओळीत पाच खोल्या काढलेल्या. समोर पाण्याची टाकी, आणि टाकीशेजारच्या भिंतीवर पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत नियम. पाणी वाया घालवू नये. सुकट भाजू नये. दहानंतर फाटक बंद. प्राणी-पक्षी पाळण्यास सक्त मनाई.

सुकटीचा नियम माझ्यासाठी होता. मी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तो लिहिला गेला, तेव्हा त्याची अक्षरं बाकीच्यांपेक्षा काळी दिसायची.

काका कधी ओरडत नसत. हीच त्यांची पद्धत. ते ओट्यावर येऊन उभे राहत, किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत आणि हवेशी बोलल्यासारखं बोलत. त्या आठवड्यात ते चार नंबरसमोर तसेच उभे राहिले.

"वास येतो," ते म्हणाले.

"कसला वास, काका?" मी माझ्या दारातून विचारलं.

"तुला नाही, तिला विचारतोय. भिकी, खोलीत काय आहे?"

"कोंबडी आहे, काका," भिकीने सरळ सांगितलं. "अंड्यांवर बसली आहे. पिल्लं निघाली की गावाला नेऊन ठेवते. आठ-दहा दिवस."

"भिंतीवर काय लिहिलंय ते वाचता येतं ना?"

"येतं."

"मग?"

मला गप्प बसवेना. दोन नंबरमध्ये पतपेढीत काम करणारे एक गृहस्थ राहत. त्यांच्या खिडकीत पिंजरा होता आणि पिंजऱ्यात लव्हबर्डची जोडी. दिवसभर किलबिलाट. काका रोज संध्याकाळी स्वतः त्यांना कोथिंबीर घालत.

"काका, दोन नंबरमध्ये पण पक्षी आहेत. दोन," मी म्हटलं.

"ते शोभेचे."

"आणि ही?"

"ही कोंबडी!" ते म्हणाले, जणू यापुढे काही सांगायची गरज नव्हती. "बी.एस्सी. झालीस ना तू? तुला एवढा फरक कळत नाही?"

"नाही कळत. दोघांना पिसं आहेत, दोघं अंडी घालतात. घाणीचं म्हणाल तर पिंजऱ्याखालचा कागद मी पाहिलाय. इथे भिकी रोज पेंढा बदलते. या बघायला."

ते आले नाहीत. जुडगा फिरवत राहिले. "आम्हीपण गावातूनच आलो," शेवटी ते म्हणाले. "पण गाव गावाला ठेवून आलो. पाच खोल्या बांधल्या त्या काय खुराडं करायला? रविवारपर्यंत बघा काय ते."

त्यांच्या मागे, घराच्या मागच्या दारात काकी उभ्या होत्या. त्यांनी एकदा भिकीकडे पाहिलं आणि आत गेल्या. काकी फार बोलत नसत. दुपारी भिकी कामावरून आली की दोघी कधीकधी टाकीपाशी बोलत बसायच्या, त्यांच्या बोलीत, हळू. मी जवळ गेले की मराठीत यायच्या आणि विषय भाजीचा व्हायचा. दोघींचं माहेर तलासरीकडचं, काकींचं वेवजीला, भिकीचं शेजारच्याच गावात, म्हणून बोलत असतील असं मी धरून चालले होते.

रविवारी मला सुट्टी नसते. दुपारी तीनच्या सुमाराला परत आले तेव्हा पहिल्यांदा कोंबडी दिसली. टाकीच्या पाइपाला नायलॉनच्या दोरीने, त्याच निळ्या चिंधीच्या पायाने बांधलेली. दोरी पाइपाभोवती गुंडाळून गुंडाळून वीतभर उरली होती. तिची चोच उघडी होती आणि ती एकच आवाज काढत होती, खुडूक कोंबडी काढते तो, खोल, अडखळता. आजूबाजूची माती तिने नखांनी उकरून काढली होती.

चार नंबरच्या दाराला भिकीचं कुलूप नव्हतं. खोलीची कुलपं काकाच द्यायचे, एक किल्ली आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. ते कुलूप काढून त्यांनी दुसरं घातलं होतं, मुठीएवढं, पितळी.

भिकी ओट्यावर बसली होती. कामावरून येऊन तिला फार वेळ झाला नव्हता. डब्याची पिशवी अजून खांद्याला होती.

"अंडी?" मी विचारलं.

"आत."

"काका कुठे आहेत?"

"तलासरीला. साखरपुड्याला. किल्ली घेऊन गेले." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला फोनवर सांगितलं. जनावर बाहेर काढलंय. सामान आत नीट आहे. संध्याकाळी येतो, कोंबडीचं काय ते केलं असशील तर खोली उघडतो. मी म्हटलं, काका, अंडी आहेत. ते म्हणाले, मग आमलेट कर."

"कधी काढलं बाहेर?"

"मी गेल्यावर लगेच. दोन नंबरच्या दादांनी बघितलं. नऊ वाजता."

सहा तास. अंड्याला साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता लागते. कोंबडी दिवसातून एकदा खायला उठते तेवढा वेळ ती गार झाली तर चालतात. बाहेर त्या दिवशी गार वारा होता, आणि चार नंबरची खोली उत्तरेला, सिमेंटचा कोबा, ऊन न लागणारी. सहा तासांत काय होतं हे मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे याचाच राग येत होता. नऊ ठिपके मी हलताना पाहिले होते. आता एकेक करून ते थांबत असणार, कुलपाच्या पलीकडे, माझ्यापासून सहा फुटांवर.

मी काकांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. मग मी कोंबडी सोडली, भिकीच्या मांडीवर दिली आणि काकांच्या मागच्या दारावर हात आपटला.

काकी आल्या. हात पिठाचे.

"चार नंबरची किल्ली द्या."

"ती त्यांच्याकडे आहे गं."

"दुसरी असेल."

"नवीन कुलूप आहे. दोन्ही त्यांच्याच जुडग्यात."

"काकी, त्यांनी ही बांधून ठेवली. उन्हात, पाण्याशिवाय. आणि पाणी कुठे, तर हातभर अंतरावर, टाकीत! तुम्ही दिवसभर घरात होता. एक वाटी पाणी ठेवता आलं नाही? नियम नियम करतात, एवढी मोठी अक्षरं लिहितात, आणि बाई कामाला गेल्यावर तिच्या घरात शिरतात. हा कुठला नियम? भिंतीवर लिहा ना हापण. आणि आत अंडी गार पडताहेत."

मी ओरडत होते. दोन नंबरचे गृहस्थ खिडकीत आले, पिंजऱ्यामागून पाहू लागले. काकी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी पदराला पीठ पुसलं.

"अकराच्या अकरा आत राहिली?" त्यांनी विचारलं.

मी थांबले. मी अंडी म्हटलं होतं. किती ते म्हटलं नव्हतं. काकींना चार नंबरच्या उंबऱ्याच्या आत गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला काय माहीत अकरा आहेत?"

काकींनी भिकीकडे पाहिलं. मागून भिकीचा आवाज आला. "ताई, जाऊ दे."

"काय जाऊ दे? ह्यांना कसं माहीत?"

"तिचीच आहेत," भिकी म्हणाली. "अंडी तिची, कोंबडी माझी. अर्धलीनं बसवली. पिल्लं निघाली की अर्धी तिची, अर्धी माझी. आमच्यात असंच करतात. माझ्याकडे अंडी नव्हती, तिच्याकडे कोंबडी नव्हती. सुकीबायनं सांगितलं होतं, काकांना बोलायचं नाय. मी कबूल केलं. मग कशी बोलू?"

चाळीत काकींना सुकी म्हणणारं मी कोणी ऐकलं नव्हतं. दारावरच्या पाटीवर सुकन्या होतं.

"आईची आहेत," काकी म्हणाल्या. त्या भिकीशी बोलत होत्या की माझ्याशी, कळत नव्हतं. "आई पावसात गेली. भाऊ सगळ्या कोंबड्या विकायला निघाला, धक्के बसतात, कोण सांभाळणार म्हणाला. मी गेले तेव्हा टोपल्यात एवढीच अंडी होती. डब्यात भुसा घालून आणली. ह्यांना सांगितलं, केळी आहेत."

"आणि त्यांनी आज सकाळी कोंबडी ओढून बाहेर काढली तेव्हा?"

"मी आत होते."

"गप्प?"

"गप्प."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. भिकीने दिलेला शब्द पाळला आणि त्यापायी स्वतःच्या खोलीबाहेर बसली. आणि ज्यांची अंडी, त्या आत पीठ मळत होत्या. "तुमच्या आईच्या कोंबड्यांची अंडी आहेत, काकी," मी म्हटलं, "आणि तुम्ही काकांसाठी भाकरी करताय."

त्या आत गेल्या. मला वाटलं दार लावणार. त्या परत आल्या तेव्हा हातात खाकी कापडाची गुंडाळी होती, काकांची, नोकरीतली. उलगडली. पकड, टेस्टर, दोन पाने, लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर.

"कुलूप नाही तोडायचं," त्या म्हणाल्या. "कोयंडा काढायचा. स्क्रू बाहेरून आहेत. त्यांनी बसवला तेव्हा मीच धरला होता."

चार स्क्रू. पहिले दोन त्यांनी काढले, तिसरा गंजला होता, त्यावर मी आणि भिकी आळीपाळीने जोर केला. चौथा निघाला तसा कोयंडा कडीसकट, कुलपासकट दारावरून सुटला आणि चौकटीला लोंबकळत राहिला. कुलूप बंदच होतं.

मी खाटेखाली शिरले. अंडं गालाला लावलं. फरशीपेक्षा थोडं कमी गार, इतकंच. माझ्याकडे तापाचा थर्मामीटर होता. तो दोन अंड्यांमध्ये धरला. त्यावर आकडा आला नाही, 'लो' एवढंच आलं. बत्तीसच्या खाली तो आकडा दाखवत नाही.

कोंबडी मात्र बसेना. दारापर्यंत जायची, परत यायची, पाण्यात चोच बुडवायची, पुन्हा दाराकडे. काकी उंबऱ्याच्या आत आल्या. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं, डोक्यावर पदर टाकून अंधार केला आणि टोपलीत ठेवून तशाच बसून राहिल्या, पदर तिच्यावर, पाठ वाकलेली. बराच वेळ. मग पदराखालून तो अडखळता आवाज थांबला.

काका आले ते अंधार पडताना. साखरपुड्याचा पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. पहिल्यांदा त्यांना लोंबकळणारं कुलूप दिसलं. त्यांनी ते हातात घेऊन ओढून पाहिलं. बंद.

"कोणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"वाटलंच. शिकलेली ना! उद्या पोलिसात देतो, घर फोडलं म्हणून."

"द्या. तुम्ही सकाळी कोणाच्या परवानगीने आत गेलात तेपण त्यांना सांगा."

"घर माझं आहे!"

"भाडं ती देते."

"अगं, एका कोंबडीसाठी..."

"मी काढला कोयंडा," काकी आतून म्हणाल्या. त्या अजून खाटेपाशीच बसलेल्या होत्या. काकांनी वाकून आत पाहिलं आणि हसले. खरंच हसले.

"तू? तू इथे काय करतेस?"

"अंडी माझी आहेत. वेवजीहून आणली. अर्धलीनं दिली हिच्याकडे."

काकांच्या तोंडावरचं हसू गेलं, पण एकदम नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, दोन नंबरची खिडकी उघडी आहे का ते. उघडी होती.

"मालकीण," ते दात आवळून म्हणाले, "भाडेकरणीबरोबर अर्धलीनं कोंबड्या पाळते! लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील? मी नियम लिहितो आणि माझ्याच घरात..."

"तुझी आय काय पाळायची?" काकी म्हणाल्या. "मोर?"

त्यांना तू म्हणताना मी काकींना तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. मग त्या त्यांच्या बोलीत बोलू लागल्या, भरभर, न थांबता, आणि काकाही त्याच बोलीत दोनदा काही म्हणाले आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर थांबले. मला अर्धंच कळलं. भिकी ओट्यावर खाली मान घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मी घाबरून पाहिलं तर ती हसू दाबत होती.

पण नविनकाका एवढ्याने बदलणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन भिंतीशी उभे होते. शेवटच्या ओळीखाली त्यांनी नवी ओळ लिहिली: कोंबडी, बकरी पाळणे व अंडी उबवणे यास मनाई. शोभेचे पक्षी चालतील. मग हात पुसत ओट्यावर आले आणि हवेला म्हणाले, "महिनाअखेर तीन आणि चार नंबर खाली करायच्या."

"मीपण?" मी विचारलं.

"तुला सुकट खायची असते ना. जिथे चालेल तिथे जा."

ते त्यांनी अगदी शांतपणे म्हटलं. मी त्यांना बरंच काही बोलू शकले असते. काही बोललेही. ते ब्रश घासलेटमध्ये बुडवून हलवत राहिले, जणू पलीकडे रेडिओ लागला होता. भिकीने नवी खोली कारखान्याच्या मागे पाहिली, जिथे मालक राहत नाही. मला स्टेशनच्या पश्चिमेला मिळाली.

पिल्लं जानेवारी संपायच्या आत निघाली. टोपलीत पहिला आवाज आला त्या सकाळी मी लॅबला उशिरा गेले. काकी मागच्या दाराने आल्या, काका घरी असताना, लपून नाही. सोबत लाल दोरा आणला होता. पिल्लांना आईपासून तोडता येत नाही, म्हणून त्यांची पिल्लंही भिकीकडेच वाढणार होती. त्यांनी आपल्या वाट्याच्या पिल्लांच्या पायात दोरा सैल बांधला, पाय वाढला तरी रुतणार नाही असा, आणि दरवेळी गाठ बोटाने सरकवून पाहिली.

उरलेल्या अंड्यांसाठी भिकीने आणखी दोन दिवस वाट पाहिली. मग मी ती परसात नेऊन एकेक फोडली. पाचांत पिल्लं होती, पिसं फुटलेली, पण दिवस न भरलेली. काकी बघत उभ्या होत्या. त्यांनी पाचही कागदात गुंडाळली आणि सोबत नेली. कुठे पुरली ते सांगितलं नाही.

टेम्पो आला त्या सकाळी मी लॅबमधला छोटा काटा आणला आणि भिकीच्या ओट्यावर ठेवला. कोंबडी टोपलीत होती, टोपलीवर जाळी. काका टाकीपाशी उभे राहून लव्हबर्डसाठी कोथिंबीर निवडत होते.

अकरा अंडी. दोन रिकामी, पाच कवचात मेलेली, चार पिल्लं. लाल दोऱ्याची दोन: तेहतीस आणि एकोणतीस ग्रॅम. बिनदोऱ्याची दोन: एकतीस आणि अठ्ठावीस.